ताबा आणि सांभाळ

घटस्फोटाच्या खटल्याची बातमी मराठीत येते तेव्हा ‘मुलाचा ताबा आईकडे’ असा मथळा सहज दिला जातो. घराचा ताबा, जमिनीचा ताबा, जप्त मालाचा ताबा आणि मुलाचा ताबा, या सगळ्यांसाठी एकच शब्द चालतो आणि तो सहसा कोणाला खटकत नाही. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालील व्यक्ती ‘अज्ञान’ असते, अठरावे वर्ष पूर्ण होताच ती ‘सज्ञान’ होते, आणि तोवर तिच्या वतीने सही करणारा माणूस ‘अज्ञान पालनकर्ता’ म्हणून कागदोपत्री नोंदला जातो. (यातले अज्ञान नेमके कोणाचे, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडला तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.) शब्दांवर अडून बसावे असा माझा आग्रह नाही, परंतु या शब्दांत एक जुनी समजूत टिकून आहे आणि आईवडिलांच्या जबाबदारीविषयी जे बोलले जाते त्यातला बराच गोंधळ त्या समजुतीतून येतो. ती समजूत अशी की मूल जितके अधिक आपल्या ताब्यात, तितके ते अधिक सुरक्षित. प्रत्यक्षात मुलाच्या रक्षणासाठी आईवडिलांना जे करावे लागते त्यातला मोठा भाग ताबा सैल करण्याचा, स्वतःच्या अधिकाराला मर्यादा घालण्याचा आणि प्रसंगी स्वतःपासूनच मुलाला वाचवण्याचा असतो, असे माझे मत आहे.

मुळात आईवडिलांना मुलावर अधिकार का असावा? माणसाचे मूल फार अपुऱ्या अवस्थेत जन्माला येते. त्याला मान धरायला काही महिने लागतात, चालायला साधारण वर्ष लागते आणि स्वतःचे बरेवाईट कळायला कितीतरी वर्षे जावी लागतात. तोवर त्याच्या वतीने कोणीतरी निर्णय घेणे अपरिहार्य असते, आणि हे काम ज्याच्याकडे येते त्याला ते पार पाडण्यापुरता अधिकारही द्यावा लागतो. म्हणजे जबाबदारी आधी आणि अधिकार नंतर, तोही जबाबदारीच्या मापाचा. हे आज सरळ वाटत असले तरी इतिहासात दीर्घकाळ नेमका उलटा क्रम होता. प्राचीन रोमच्या कायद्यात कुटुंबप्रमुख पित्याला मुलांच्या जीविताचा आणि मृत्यूचाही अधिकार होता, आणि तो मुलगा वयात आल्यावरही संपत नसे. बाप जिवंत असेपर्यंत मुलाच्या नावावर स्वतंत्र मालमत्तासुद्धा होऊ शकत नसे. ब्रिटनमध्ये गुराढोरांना क्रूरपणे वागवणे १८२२ मध्ये गुन्हा ठरले, मुलांना क्रूरतेपासून वाचवणारा तसा कायदा व्हायला मात्र १८८९ साल उजाडावे लागले. या दोन कायद्यांमध्ये ६७ वर्षांचे अंतर आहे. न्यूयॉर्कमध्ये १८७४ साली एका घरात छळ सोसणाऱ्या मुलीची हकीगत एका समाजसेविकेच्या कानावर आली, तेव्हा दाद मागायला मुलांसाठीची अशी संघटनाच नव्हती. अखेर तिला प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या संस्थापकाकडे जावे लागले. त्या मुलीची सुटका झाली आणि त्या प्रकरणातूनच मुलांच्या संरक्षणासाठी वेगळी संस्था उभी राहिली. बैलाला मारणाऱ्या मालकाच्या आड समाज येऊ शकतो, पण मुलाला मारणाऱ्या बापाच्या आड येणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणे, ही भावना किती खोल होती याची कल्पना या घटनाक्रमावरून येते.

ती भावना शिकल्यासवरल्या लोकांतही होती. मोडलेल्या हाडांची मुले डॉक्टरांकडे पूर्वीपासून येतच होती. क्ष-किरण चित्रांत वेगवेगळ्या वेळी मोडलेली आणि वेगवेगळ्या टप्प्यांत जुळून आलेली हाडे एकाच मुलाच्या अंगात दिसत, आणि तरीही आईवडिलांनी सांगितलेला ‘पडला’ हा खुलासा मान्य केला जाई, कारण आईबाप असे करतील हे डॉक्टरांच्या मनाला पटत नसे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये या प्रकाराला वैद्यकीय नाव देऊन तो उघडपणे मांडला, तेव्हा कुठे तो रुग्णालयांत ओळखू येऊ लागला. पुरावा डोळ्यांसमोर होता, त्याचा अर्थ लावण्याची तयारी नव्हती. आईवडिलांच्या प्रेमाबद्दलचा आपला आदर योग्यच आहे. मात्र त्या आदरापोटी मुलाकडे डोळेझाक होऊ शकते, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

१९८९ हे साल या बाबतीत वळणाचे ठरले. त्या वर्षी २० नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांचा करारनामा स्वीकारला, आणि आज तो स्वीकारणाऱ्या पक्षांची संख्या १९६ आहे. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. या करारनाम्याच्या १८ व्या कलमात मुलाच्या संगोपनाची जबाबदारी आईवडील दोघांची समान आहे असे म्हटले आहे आणि मुलाचे हित हीच त्यांची मूळ चिंता असावी असेही म्हटले आहे. ‘दोघांची समान’ हे शब्द सहज वाचून पुढे जाण्यासारखे वाटतात, पण जगभर ‘आईवडिलांनी लक्ष द्यायला हवे होते’ असे म्हटले जाते तेव्हा बहुधा आईनेच द्यायला हवे होते असे अभिप्रेत असते, हे लक्षात घेतले की त्या शब्दांचे वजन कळते. त्याच वर्षी इंग्लंडने आपल्या नव्या बालकायद्यात ‘पालकांचे हक्क’ या जुन्या कल्पनेच्या जागी ‘पालकांची जबाबदारी’ ही कल्पना मध्यवर्ती केली, आणि विभक्त आईवडिलांच्या खटल्यांत ताबा हा शब्द काढून मूल कोणाकडे राहील आणि कोणाला भेटेल असे साधे शब्द घातले. शब्द बदलल्याने भांडणे थांबली असे नाही. तरी न्यायालयात उभ्या असलेल्या आईवडिलांना आपण एखादी वस्तू जिंकायला आलो आहोत असे वाटू नये, एवढा त्यामागचा विचार निश्चितच शहाणपणाचा होता.

आता जबाबदारी म्हणजे काय, याकडे वळू. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी आणि शिक्षण यांबद्दल वाद नाही. ते देणे कर्तव्य आहे आणि ते देता न येण्याची कारणे अनेकदा आईवडिलांच्या हाताबाहेरची असतात, त्याचा विचार पुढे येईलच. अपघातांपासून जपणे हेही सर्वमान्य आहे, पण इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. तान्ह्या बाळाला झोपवावे कसे, हा प्रश्न घ्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथे झोपवावे असा सल्ला डॉक्टर आणि परिचारिका देत असत. आईवडिलांनी तो मनोभावे पाळला. पुढे असे लक्षात आले की पालथे झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेतच अचानक मृत्यू होण्याचे प्रमाण अधिक आहे. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळाला पाठीवर झोपवा अशी मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आधीच्या पिढीतील आईवडिलांचे प्रेम कमी होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांना जे सांगितले गेले होते तेच चुकीचे होते. प्रेमाने काळजी घेता येते, पण काळजी कशी घ्यावी हे प्रेमातून आपोआप कळत नाही. पाण्यात बुडणारे लहान मूल आरडाओरडा करत नाही, हातपाय आपटत नाही, ते मुकाट्याने पाण्याखाली जाते, आणि त्यासाठी काही सेंटीमीटर पाणीही पुरते. ही माहिती नसलेला अत्यंत प्रेमळ माणूससुद्धा ‘आवाज आला असता’ या भरवशावर शेजारच्या खोलीत निर्धास्त बसू शकतो. म्हणून ‘आम्हीही असेच वाढलो, आम्हाला काय झाले’ हा युक्तिवाद मला नेहमी पोकळ वाटतो. ज्यांना काही झाले ते हे वाक्य बोलायला उरलेले नसतात.

रक्षण आणि ताबा यांतला विरोध सर्वांत ठळकपणे दिसतो तो लैंगिक अत्याचाराच्या प्रश्नात, आणि म्हणूनच इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मुलांना सगळीकडे दिला जाणारा पहिला धडा म्हणजे अनोळखी माणसाशी बोलू नकोस, त्याने दिलेले काही खाऊ नकोस. हा धडा चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण मुलांवर अत्याचार करणारी माणसे बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचीच असतात: नातेवाईक, शेजारी, शिकवणारे, कुटुंबाच्या विश्वासातले कोणी. अशा माणसाला कुलूप तोडावे लागत नाही, दार त्याच्यासाठी उघडेच असते. त्याची हत्यारे तीन असतात. एक, मोठ्यांचे ऐकले पाहिजे हा मुलाला आधीच मिळालेला धडा. दुसरे, ‘हे आपल्या दोघांतले गुपित’ ही अट. आणि तिसरे, सांगितलेस तर तुझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, ही भीती. यांतले पहिले हत्यार त्याच्या हाती कोण देते? मोठ्यांच्या आज्ञेत वाढणे हाच ज्या घरात चांगल्या मुलाचा एकमेव गुण मानला जातो, जिथे मूल अंग चोरत असतानाही त्याला पाहुण्यांच्या मांडीवर बसवले जाते आणि ‘असे करू नये, काय म्हणतील ते’ असे दटावले जाते, तिथे आपले शरीर आपले नाही हा पाठ मुलाने अत्याचाराच्या कितीतरी आधी गिरवलेला असतो.

तेव्हा इथे संरक्षण कशाने होते ते पाहा. मुलाला शरीराच्या सर्व अवयवांची नावे संकोचाशिवाय सांगण्याने, कारण ज्याला नाव नाही त्याबद्दल तक्रार करता येत नाही. कोणत्याही मोठ्या माणसाला ‘नको’ म्हणण्याची मुभा त्याला घरातच, अगदी स्वतःच्या आईवडिलांबाबतही, देण्याने. आनंदाची गंमत आणि मन जड करणारे गुपित यांतला फरक समजावण्याने. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाने काही सांगितले तर पहिल्या क्षणी चेहरा सांभाळण्याने. मूल बहुधा एकदम सगळे सांगत नाही. ते एखादे अर्धवट वाक्य टाकून पाहते, समोरच्याचा चेहरा वाचते आणि मग पुढे बोलायचे की नाही ते ठरवते. ‘तू तिथे गेलासच कशाला’ एवढे एक वाक्य पुढची अनेक वर्षे त्याचे तोंड बंद करायला पुरते. या साऱ्या गोष्टी आज्ञाधारकपणाच्या विरुद्ध दिशेने जाणाऱ्या आहेत. ज्या मुलाला घरात वाद घालता येतो, त्यालाच घराबाहेर प्रतिकार करता येण्याची शक्यता असते. उलट उत्तरे देणारे मूल सांभाळणे थकवणारे असते, हे मान्य केलेच पाहिजे. ती त्याच्या सुरक्षिततेची किंमत आहे आणि ती आईवडिलांनी मोजायची असते.

मारण्याविषयीही हेच म्हणावे लागते. युनिसेफने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातील पाच वर्षांखालील सुमारे ४० कोटी मुलांना, म्हणजे त्या वयाच्या दर दहांतील सहा मुलांना, घरी शिस्तीच्या नावाखाली मार किंवा मानसिक छळ नियमितपणे सोसावा लागतो. यातली फार थोडी घरे क्रूर माणसांची असतील. बाकीची थकलेल्या, चिडलेल्या आणि ‘त्याच्या भल्यासाठी’ असे मनापासून मानणाऱ्या माणसांची आहेत. एका मोठ्या माणसाने दुसऱ्याला चापट मारली तर तो गुन्हा होतो आणि आपल्याहून चौपट लहान असलेल्या, आपल्यावरच अवलंबून असलेल्या माणसाला मारली तर ते संस्कार ठरतात, या विसंगतीचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलांना मारण्यावर बंदी घातली, तसे करणारा तो पहिला देश. त्या बंदीला स्वतंत्र शिक्षा जोडलेली नव्हती. सरकारने घरोघरी पत्रके पाठवली, दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला, आणि सकाळच्या न्याहारीच्या टेबलावर आईवडील व मुले दोघांनाही तो वाचता येईल अशी व्यवस्था केली. आईबापांना तुरुंगात धाडण्यापेक्षा समाजात काय मान्य आहे याची रेघ हलवणे हा उद्देश होता. आज साठांहून अधिक देशांत असा कायदा आहे. ‘मारले नाही तर मूल बिघडेल’ असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की स्वीडनमध्ये बंदीनंतर वाढलेली पिढी, जी आता स्वतः आईबाप झाली आहे, ती कोणत्या अर्थाने बिघडली. मार थांबवल्याने शिस्त संपत नाही. उलट न मारता मर्यादा घालून देणे हे मारण्यापेक्षा कितीतरी अवघड, वेळखाऊ आणि रोज नव्याने करावे लागणारे काम आहे. हात उचलणे हा बहुतेक वेळा त्या कामातून काढलेला पळ असतो.

मारहाण दिसते, दुर्लक्ष दिसत नाही. रुमेनियातील हुकूमशाही राजवट १९८९ मध्ये कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांत हजारो मुले आढळली. त्यांच्यापैकी अनेकांना अन्न आणि छप्पर मिळत होते, पण हाक मारणारे, हसणाऱ्याला हसून उत्तर देणारे असे कोणी एक माणूस नव्हते. २००० सालापासून संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून त्यांतील निम्म्यांना प्रशिक्षित कुटुंबांत ठेवले गेले. कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ, बुद्धी आणि माणसांशी जडणारे नाते सुधारले, आणि साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांच्यात ही सुधारणा अधिक दिसली. मुलाकडे लक्ष देणे ही भरलेल्या पोटानंतरची चैन नसून त्याच्या वाढीची तितकीच मूलभूत गरज आहे, हे यावरून ठसठशीतपणे सिद्ध झाले.

मात्र या निष्कर्षाचा आजकाल भलताच वापर होतो. मुलासोबतचा प्रत्येक क्षण ‘दर्जेदार’ हवा, एक चूक झाली तर कायमची जखम होईल, अशी भीती घालून आईवडिलांना, विशेषतः आयांना, सतत अपराधी वाटायला लावणारा एक मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. वस्तुस्थिती अशी नाही. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावरच ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली होती: बाळाच्या गरजा आधी जवळजवळ पूर्णपणे भागवणारी आणि मग हळूहळू, त्याला झेपेल इतपत, त्याला निराश करणारी. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांच्या संवादाचे चित्रण बारकाईने तपासले, तेव्हा निरोगी, जिव्हाळ्याच्या जोड्यांतही बहुतांश वेळ सूर जुळलेला नसतो असे त्यांना आढळले; महत्त्वाचे होते ते बिनसल्यानंतर पुन्हा जुळवून घेणे. मोठ्या मुलांच्या बाबतीत याचे भाषांतर अगदी साधे आहे. चुकल्यावर मुलाची माफी मागणे. आईवडिलांनी माफी मागितली तर त्यांचा मान कमी होतो असे ज्यांना वाटते, त्यांना मान आणि दरारा हे एकच वाटत असावेत.

या काळाने आणलेल्या एका नव्या जबाबदारीचाही उल्लेख करायला हवा. पूर्वी घरातल्या अल्बममध्ये राहणारे आंघोळीचे, रडण्याचे, आजारपणाचे फोटो आता मुलाला विचारल्याशिवाय, किंबहुना विचारता येण्याआधीच, शेकडो लोकांसमोर जातात आणि परत घेता येत नाहीत. फ्रान्सने २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या प्रतिमेवरील हक्काचे रक्षण करणे हे आईवडील दोघांचे संयुक्त कर्तव्य ठरवले आणि वय व समज यांनुसार मुलालाही त्या निर्णयात सामील करून घ्यावे असे म्हटले. दुसऱ्या टोकाला, मुलाच्या फोनमधला प्रत्येक संदेश गुपचूप वाचणारे आईबाप आहेत. बहुतेक समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासाठी तेरा वर्षांची अट असते आणि अनेकांना ती मानसशास्त्राने ठरवलेली सुरक्षित मर्यादा वाटते. वास्तविक ती अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून आली आहे, आणि त्या कायद्याचा विषय मुलांची माहिती गोळा करण्यावरचे निर्बंध हा आहे. म्हणजे तेरावे लागले म्हणून मूल तयार झाले, असे यंत्राच्या भरवशावर म्हणता येत नाही. तयारी करून घेण्याचे काम घरातच करावे लागते. लहान वयात उघडपणे सांगून ठेवलेली देखरेख आणि वाढत्या वयानुसार तिच्यात ठरवून केलेली घट, हा मार्ग मला गुप्त हेरगिरीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. हेरगिरी उघड झाली की मूल सावध होते आणि खरोखरचे संकट आले तरी ते आपल्याला सांगत नाही. मग ज्या माहितीसाठी हेरगिरी केली तीच हातची जाते.

इथवरच्या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. मूल आईवडिलांच्या मालकीचे नाही, असे एकदा म्हटले की मग ते कोणाचे, असा प्रश्न उरतो, आणि त्या रिकाम्या जागी सरकार येऊन बसते. हा धोका काल्पनिक नाही. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाचा मोठा भाग आदिवासी मुलांना त्यांच्या कुटुंबांतून बळजबरीने उचलून संस्थांमध्ये आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवले गेले. पंतप्रधान केविन रड यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये संसदेत त्याबद्दल माफी मागितली. कॅनडाने निवासी शाळांत घातलेल्या आदिवासी मुलांबद्दलची माफी त्याच वर्षी मागितली. दोन्हीकडे मुलांच्या भल्याचीच भाषा वापरली गेली होती. म्हणून आईवडिलांना बाजूला सारण्याचा अधिकार सरकारला देताना हात आखडता घ्यावा, त्यावर न्यायालयाची नजर असावी, आणि गरिबीला कधीही हलगर्जीपणा समजू नये, हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु या इतिहासातून आईबापांची मालकी सिद्ध होत नाही. त्यातून एवढेच दिसते की मुलाला मालमत्ता समजणारे सरकार हे मुलाला मालमत्ता समजणाऱ्या बापाइतकेच, आणि त्याच्या हाती अधिक बळ असल्याने त्याहूनही अधिक, घातक ठरते. दोघांनाही एकच प्रश्न विचारता येतो: हा निर्णय कोणाच्या हिताचा आहे, आणि ज्याच्याबद्दल तो घेतला जातो त्याचे म्हणणे ऐकले का?

सरकारचे काम दुसरे आहे आणि ते करण्यात ते सहसा कमी पडते. बालहक्कांचा करारनामा आईवडिलांवर जबाबदारी टाकून थांबत नाही. ती पार पाडण्यासाठी त्यांना योग्य ते साह्य करणे हे राज्याचे कर्तव्य आहे असेही तो सांगतो. भारतीय राज्यघटनेत २००२ मध्ये झालेल्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य ठरवले, आणि त्याच दुरुस्तीने त्या वयातील मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची बांधिलकी राज्यावरही टाकली. एकाच दुरुस्तीत दोन्ही बाजू आहेत, हे फार अर्थपूर्ण आहे. ज्या आईला बाळंतपणाची पगारी रजा नाही, कामावर जाताना मूल विश्वासाने सोपवावे असे पाळणाघर परवडत नाही, तिला ‘तुमचे मुलाकडे लक्ष नव्हते’ असे ऐकवणे सोपे आहे. जबाबदारी निभावण्याची साधने न देता जाब विचारणाऱ्या समाजाने निदान तो जाब थोड्या खालच्या आवाजात विचारावा.

राहता राहिला प्रश्न या जबाबदारीच्या मुदतीचा. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी १९६९ मधील एका निकालात म्हटले होते की मुलावरचा आईवडिलांचा अधिकार हा वयाबरोबर आटत जाणारा अधिकार आहे. त्याची सुरुवात नियंत्रणाने होते आणि शेवटी जेमतेम सल्ला देण्यापुरता तो उरतो. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने बहुमताने आणखी पुढचे पाऊल टाकले आणि सोळा वर्षांखालील मुलालाही, उपचारांचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी पुरेशी समज त्याच्यात असेल तर, स्वतः संमती देता येते असे ठरवले. समज वाढत जाते तसा अधिकार घटत जातो, हे या दोन्ही निकालांचे सूत्र आहे, आणि करारनाम्याच्या पाचव्या कलमातही मुलाच्या विकसित होत जाणाऱ्या क्षमतांनुसार त्याला मार्गदर्शन करावे असेच म्हटले आहे. ‘अज्ञान’ आणि ‘सज्ञान’ या दोन शब्दांत हा मधला प्रवास कुठेच येत नाही. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत ज्याने एकही निर्णय घेतलेला नाही, कोणाशी मैत्री करावी, काय शिकावे, मिळालेले पैसे कसे खर्च करावे यांपैकी कशातही ज्याने चूक करून पाहिलेली नाही, तो दुसऱ्या दिवशी कायद्याने सज्ञान होतो. प्रत्यक्षात तो जगाच्या बाबतीत पाच वर्षांच्या मुलाइतकाच कोरा असतो, फक्त आता त्याच्या चुका महाग असतात. त्याच्या आईवडिलांनी त्याला अठरा वर्षे जपले हे खरे, पण ज्या दिवसासाठी जपले त्या दिवसाची तयारी करून घेतली नाही. लहान चुका लहान वयात, घराच्या आडोशाला करू देणे हाही संरक्षणाचाच भाग आहे, आणि मूल गुडघा फोडून घेत असताना आपण जागेवर बसून राहणे हा त्यातला आईवडिलांना सर्वांत जड जाणारा भाग आहे.

आणि मुदत संपल्यावर हिशेब मागायचा का? मुलाला ‘म्हातारपणाची काठी’ म्हणणाऱ्या भाषेत हा हिशेब आधीच मांडलेला असतो. ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय सोसले’ हे वाक्य करिअर निवडताना, जोडीदार निवडताना, दूर जाऊन राहताना मुलासमोर ठेवले जाते, आणि सांभाळ हे जणू व्याजाने दिलेले कर्ज असल्यासारखे ते वसूल केले जाते. परंतु हे कर्ज घेणाऱ्याने मागितले नव्हते, त्याच्या अटी त्याला कोणी विचारल्या नव्हत्या, आणि ते न देण्याचा पर्याय देणाऱ्यालाही नव्हता, कारण जन्माला घातलेल्या जिवाला सांभाळणे हे कर्तव्य होते, उपकार नव्हते. वृद्धांचे हाल होऊ नयेत, त्यांना आधार आणि माया मिळावी, यात दुमत नाही. त्यासाठी समाजाने निवृत्तिवेतन, आरोग्यसेवा यांची सोय करावी, आणि मुलांनी आपल्या आईवडिलांविषयीचे कर्तव्य ओळखावे. पण तो त्या मोठ्या झालेल्या माणसाच्या नीतीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्यानेच द्यायचे आहे. तो तीन वर्षांचा असताना त्याला ताप आला म्हणून रात्रभर उशाशी बसलेल्या आईवडिलांच्या खात्यात ते उत्तर आगाऊ जमा धरता येत नाही.